गाणारे कुठून येतील?

सुरतच्या दक्षिण भागात, उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात, जिथे खानदेशातून आलेली माणसं दोन-तीन पिढ्या राहत आली आहेत, तिथे एक वाक्य सर्वमान्य आहे: सण-उत्सव आहेत म्हणून आपली संस्कृती टिकून आहे. मंडळाचा अध्यक्ष हे म्हणतो, मंचावरचा पाहुणा म्हणतो, रातपाळी करून आलेला कामगारही म्हणतो. महाराष्ट्रात तरी वेगळं कुठे म्हणतात? गाव लहान असो वा मोठं, महोत्सव भरला की तिथे संस्कृती जिवंत आहे असं आपण धरून चालतो.

ही समजूत मला उथळ वाटते. उत्सव संस्कृती टिकवत नाही, खर्च करतो. गाणाऱ्यांनी आधी केव्हातरी, कुठेतरी जे कमावलेलं असतं ते उत्सवात वाटलं जातं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्या वर्षापासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. पण भीमसेन काही मंडपात घडले नाहीत. कुंदगोळला गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून, एकेक स्वर घोटून घडले. महोत्सवाने ती कमाई हजारो लोकांपर्यंत पोचवली, हे त्याचं मोठेपण खरंच. कमाई मात्र कुंदगोळची. कुंदगोळं बंद पडली आणि मंडप वाढत गेले तर काही वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण शिल्लक संपेपर्यंत खर्च थाटातच चालतो.

पांडेसरातल्या खानदेशी माणसांच्या बाबतीत हेच घडतं आहे असं माझं म्हणणं आहे. ते तीन टप्प्यांत मांडतो. पहिला: लोकगाणं तयार व्हायला मोकळा वेळ, मोकळी जागा आणि एकमेकांची माणसं या तीन गोष्टी लागतात. दुसरा: गिरणीच्या शहराने या तिन्ही काढून घेतल्या, आणि मोठा मंडप हा त्यांच्या अभावावरचा तोडगा आहे, उपाय नाही. तिसरा: उत्सव कमावताही होऊ शकतो, पण त्यासाठी त्याची घडण बदलावी लागते.

१. आखाजीत श्रोता नसतो

अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सोनं घ्यायचा दिवस. खानदेशात ती आखाजी, आणि तिचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. घागर भरून पितरांना पुजायचं, पुरणपोळी, सांजोऱ्या आणि आमरसाचं जेवण करायचं. सालदाराचं जुनं साल या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. लेकीला आणायला मुराळी तिच्या सासरी जातो. लिंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, चैत्रात बसलेल्या गौराईची गाणी होतात, आणि माहेरवाशिणी दिवस दिवस झोक्यावर गातात. बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) या सणावर स्वतंत्र कविता रचली आहे.

हा सण वैशाखात येतो हे महत्त्वाचं. रब्बी घरात आलेली असते, खळी आटोपलेली असतात, पाऊस अजून महिना-दीड महिना लांब असतो. शेतकरी घरातल्या बाईला वर्षात मोकळीक मिळालीच तर ती याच दिवसांत, आणि माहेरी आल्यामुळे त्या मोकळिकीवर सासूची नजरही नसते. हा झाला वेळ. झाड, पार, अंगण, नदीकाठ ही झाली जागा. आणि माणसं कोण? एकाच गल्लीत वाढलेल्या पण वेगवेगळ्या गावी दिलेल्या मुली. कुणी शिरपूरकडून येते, कुणी चोपड्याहून, कुणी साक्रीहून. प्रत्येक जण आपल्या सासरच्या गावचं एखादं गाणं, एखादी वेगळी चाल सोबत आणते आणि जाताना दुसरीचं घेऊन जाते. लग्नसंबंधांच्या जाळ्यावरून गाणी फिरत राहण्याची इतकी चोख व्यवस्था कुठल्याही अकादमीला उभी करता आलेली नाही.

या गाण्याला श्रोता नसतो, हा यातला खरा मुद्दा. झोक्यावर बसलेली गाते, झोका देणारी गाते, पाळीची वाट पाहणारी ध्रुपद धरते. आठ वर्षांची पोर त्या ध्रुपदात आवाज मिसळते आणि चार-पाच आखाजींनंतर तिला गाणं येऊ लागतं. शिकणं आणि सादर करणं या इथे दोन क्रियाच नाहीत. म्हणून आखाजी खर्चही करते आणि त्याच वेळी कमावतेही. माझ्या मूळ विधानाला हा अपवाद आहे, आणि पुढचा सगळा युक्तिवाद या अपवादावरच उभा आहे.

२. नदी तीच, वैशाख वेगळा

खानदेश आणि सुरत यांना जोडणारी तापी एकच. मुलताईला उगम पावून ती भुसावळ, प्रकाशा, उकाई करत सुरतेत येते आणि डुमसजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारचा माणूस एका गाडीत उधन्याला उतरू लागला. १९७२च्या दुष्काळाने गावातून ढकललं, कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या भरभराटीने सुरतेकडे ओढलं, आणि १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचा मार्गही हळूहळू बंद झाला. पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीत रंगाई-छपाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, शेजारच्या बमरोलीकडे यंत्रमाग. महापालिकेने मराठी माध्यमाच्या शाळा काढल्या. गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांच्या शाळांच्या शेजारी त्या आजही चालतात.

आता त्या तीन गोष्टींचा हिशेब मांडू. वेळ: यंत्रमागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी ही इथली रीत, आणि दिवसपाळी-रातपाळी आलटून पालटून. नवरा रातपाळीचा असेल तर दिवसा त्याची झोप राखायची म्हणून घरात मोठ्याने बोलणंही बंद. बाई घरी असली तरी मोकळी नसते. साडीला टिकल्या-खडे लावणं, धागे कापणं ही नगावर मिळणारी कामं मांडीवर असतात. त्यात वैशाख हा लग्नसराईचा, म्हणजे साडीच्या मागणीचा महिना. गावात जो काळ सैलावलेला, तोच इथे कसलेला. ज्याला जमतं तो उन्हाळ्यात गाडी पकडून गावी जातो, आणि त्या दिवसांत कारखान्यांना माणसं कमी पडतात. ज्याला जमत नाही त्याची आखाजी पाळीच्या अलीकडे-पलीकडे उरकते.

जागा: एका खोलीचं बिऱ्हाड, समोर दीड माणूस जाईल एवढा बोळ. झोका बांधायला झाड नाही आणि झाड असलं तर ते पालिकेचं. माणसं: शेजारी ओडिशातल्या गंजामचा, पलीकडे उत्तर प्रदेशातल्या आझमगढचा. शेजार चांगला असतो, अडीअडचणीला धावतो, पण गाण्याचं ध्रुपद त्याला येत नाही. आपल्या गावच्या चार बायका चार वसाहतींत विखुरलेल्या असतात आणि त्यांची कामं सुटण्याच्या वेळा जुळत नाहीत. शिवाय मागांच्या खडखडाटात बारा तास काढलेल्या माणसाला शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. अशा कानांना हळू आवाजातल्या चालींची गोडी लागणं सोपं नाही.

थोडक्यात, पांडेसरात अहिराणी, म्हणजे खानदेशच्या बोलीतलं, गाणं मागे पडलं ते लोकांना आपल्या भाषेची लाज वाटली म्हणून, हे निदान फार तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कारण हजेरीपत्रकात सापडतं.

३. डीजे हा रुचीचा प्रश्न नाही

उत्सव बिघडल्याची तक्रार आपण बहुधा रुचीच्या भाषेत करतो: पोरांना धांगडधिंगा हवा, जुनं काही नको. मंडळ चालवणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्याकडे एक संध्याकाळ आहे. जमणारी माणसं थकलेली आहेत आणि त्यांचा एकत्र सराव शून्य आहे. दहा बायकांना दहा गाणी एका सुरात म्हणायला लावायची तर निदान पंधरा संध्याकाळी बसावं लागेल. भाड्याने आणलेली भिंतभर ध्वनियंत्रणा हे सगळं एका फोनवर देते. वेळ, जागा आणि माणसं तिन्ही दुर्मिळ असताना डीजे लावणं हा अगदी व्यवहारी निर्णय आहे.

म्हणूनच त्यावर टीका करून काही साधत नाही. पण त्याचे परिणाम मात्र नीट ओळखायला हवेत. पहिला परिणाम: गाणाऱ्यांची संख्या एकदम कोसळते. झोक्याभोवती वीस बायका असतील तर वीस गाणाऱ्या. डीजेपुढे दोन हजार माणसं असली तरी गाणारा तिथे हजरच नसतो. दुसरा: उत्सवाचं माप बदलतं. गाणारे मोजता येत नाहीत तिथे गर्दी मोजली जाते, आणि गर्दीत रस असणारे लोक आपोआप जवळ येतात. खानदेशी मतदाराचं वजन या भागात सिद्ध झालेलं आहे. नवसारीचे खासदार आणि लिंबायतच्या आमदार दोघांचं मूळ खानदेशी. प्रतिनिधित्व मिळालं ही चांगलीच गोष्ट. पण राजकीय ताकद दाखवायला लागणारी गर्दी आणि गाणं शिकायला लागणारा गोतावळा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी वाढेल असं काही नाही.

तिसरा परिणाम सहसा कुणी बोलून दाखवत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. यंत्रावर उभा असलेला उत्सव म्हणजे परवान्यावर उभा असलेला उत्सव. परवाना कोण मिळवून देऊ शकतो, यावर मंडळात कुणाचं चालणार हे ठरतं. घरात बसून गळ्यावर गाणाऱ्या दहा बायकांना मात्र कुणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

४. कानबाई का तग धरते?

इथे कुणी विचारेल की परिस्थितीच जर अशी, तर सगळंच का नाही संपलं? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई सुरतेतल्या खानदेशी घरांत आजही जोमात साजरी होते. हे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही, उलट गोष्ट अधिक स्पष्ट करतं.

कानबाईची घडण बघा. ती भाऊबंदकीची असते. एका कुळातली घरं एकत्र येऊन तिचे रोट करतात. रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या हिशेबाने मोजून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक घराचा, प्रत्येक डोक्याचा वाटा आधीच ठरलेला. मनात आलं तर यायचं, नाहीतर नाही, अशी सोय त्यात नाही. स्थापना घरात होते, त्यामुळे मैदान लागत नाही. जागरण रात्री होतं, आणि नारळाच्या रूपातल्या कानबाईपुढे बायका रात्रभर गातात. गाण्याला यंत्राची गरज नसते. दुसऱ्या दिवशी विसर्जन. हजर माणसांपैकी कुणालाही प्रेक्षक होऊन बाजूला उभं राहता येत नाही.

म्हणजे वेळ, जागा आणि माणसं या तिन्हींची तरतूद या सणाने आपल्या नियमांतच करून ठेवली आहे. आखाजी हे गृहीत धरून होती की गाव आहे, झाड आहे, वैशाखात सैल दिवस आहेत. तो आधार सुटला तसा झोका सुटला. कानबाईचा आधार होता नातं, आणि नातं रेल्वेत बसून सोबत आलं. श्रद्धा दोन्हींत आहे. टिकण्यातला फरक घडणीमुळे पडला, श्रद्धेच्या कमी-जास्तपणामुळे नाही.

अर्थात कानबाईचीही मिरवणूक आता डीजेमागे चालू लागली आहे, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात किती भाऊबंद मावणार हा प्रश्न आहेच. पण जागरणाची ती रात्र अजूनही शाळेचं काम करते. ती रात्र वाचवणं हे मिरवणूक मोठी करण्यापेक्षा फार महत्त्वाचं आहे.

५. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं एक गाव

घडण बदलून उत्सव कमावता करता येतो याचं एक उदाहरण दूरचं आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यात मिलटाउन मालबे नावाचं छोटं गाव आहे. तिथला विली क्लॅन्सी हा सुतारकामात आणि आयरिश पाइप वाजवण्यात सारखाच वाकबगार माणूस १९७३च्या जानेवारीत वारला. गावकऱ्यांनी आणि मित्रांनी त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याच्या नावाने कार्यक्रम सुरू केला. मैफलींचा महोत्सव करणं सोपं होतं. त्यांनी उन्हाळी शाळा काढली. दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर सकाळी वर्ग भरतात: पाइप, फिडल, बासरी, गाणं, नाच. शिकवणारे स्वतः वादक असतात आणि शिकायला लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे येतात. संध्याकाळी तीच माणसं गावातल्या पबांमध्ये गोल करून वाजवतात. पबाच्या त्या गोलात मंच नसतो. सकाळी शिकलेला रात्री कोपऱ्यात बसून साथ धरू शकतो. झोक्याभोवतीच्या आठ वर्षांच्या पोरीची हीच जागा.

आयरिश उदाहरण स्थलांतरितांसाठी आणखी एका कारणाने मोलाचं आहे. स्लायगो परगण्यातला मायकल कोलमन हा फिडलवादक १९१४ साली अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९२०च्या दशकात त्याच्या तबकड्या निघाल्या आणि त्या परत आयर्लंडला पोचून तिथल्या खेड्यांतल्या वादकांचं वादन बदलून गेल्या. मूळ गावात अस्सल आणि परगावी नक्कल, असा सरळ हिशेब परंपरांना लावता येत नाही. पांडेसरात आज एखादी चांगली चाल बांधली गेली तर ती उद्या नवापूर-पारोळ्यात म्हटली जाऊ शकते. ही शक्यता आपण गंभीरपणे घेतच नाही, कारण परगावच्या माणसाने फक्त आठवणी काढायच्या असतात असं आपण ठरवून टाकलं आहे.

घराजवळही तुलना करता येते. अमळनेरला दरवर्षी वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. रथ आणि पालखी निघतात. त्याच अमळनेरात २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीन दिवस झालं. संमेलनाने गावाला मान दिला. तरी संमेलनाची माणसं बाहेरून आली आणि परत गेली. यात्रेचं काम गावातल्या घरांनी आपसांत वाटून घेतलेलं असतं, म्हणून ती दरवर्षी नवी माणसं कामाला जुंपते. कुठल्याही उत्सवाला विचारायचा प्रश्न हाच: गावाच्या अंगावर काय काम सोपवून गेलास?

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप: संस्कृती बदलतेच. ‘केसावर फुगे’, ‘हाई झुमकावाली पोर’ ही अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितली गेली. झोका गेला म्हणून गळा काढायचं कारण काय? या गाण्यांचं मला कौतुक आहे. ज्या बोलीला शाळेत हसत होते तिला त्यांनी लग्नाच्या वरातीत मानाने नेलं. पण ती करणारी माणसं खानदेशच्या खेड्यांत, त्या बोलीत, त्या ठेक्यात वाढलेली आहेत. त्यांची कमाई तिथली आहे. पांडेसरातला मुलगा ते गाणं ऐकतो, नाचतो, आणि तिथेच थांबतो. कोलमनच्या तबकडीने आयर्लंडमध्ये नवे वादक घडवले, कारण ती ऐकणाऱ्याच्या घरात फिडल होतं आणि शेजारी वाजवणारा होता. ध्वनिमुद्रण बी असू शकतं, पण इथे ते पेरायला रानच उरलेलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. झोक्यावरची गाणी सासुरवासातून आली. दुःखच नको तर त्याची गाणी कशाला हवीत? हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. जुने शब्द जपण्याचा हट्ट मीही धरणार नाही. मात्र त्या गाण्यांत बाई आपली तक्रार चारचौघींत, सुरात, न घाबरता मांडत होती, आणि बाकीच्या ध्रुपद धरून तिला दुजोरा देत होत्या. नगावर खडे लावणाऱ्या बाईला आज तक्रारी नाहीत असं कोण म्हणेल? ठेकेदार, भाडं, नवऱ्याची दारू, पाण्याची वेळ हे विषय हजर आहेत. त्यांना सूर द्यायची जागा मात्र नाहीशी झाली. आशय बदला, जागा राखा, एवढंच माझं म्हणणं.

तिसरा आक्षेप: कामगाराला आधी मजुरी हवी, गाणं नंतर. इथे मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की दोन्ही मागण्या एकच आहेत. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी ठरवून दिली, ती केवळ शरीराला विश्रांती मिळावी म्हणून नाही. माणूस कामगाराखेरीज आणखी कुणी असतो हे त्यात मान्य केलेलं आहे. बारा तासांची पाळी ही मजुरीचा प्रश्न आहे, तब्येतीचा आहे आणि गाण्याचाही. संस्कृतीवर भाषणं देणाऱ्याला कामाच्या तासांबद्दल बोलायचं नसेल तर त्याला आपण पाहुणा म्हणून बोलवायचं थांबवावं.

चौथा आक्षेप: तिसरी पिढी गुजराती-हिंदीत बोलते; तिच्यावर अहिराणी लादायची कशाला? लादू नयेच. २०११च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी भाषेखाली मोजले गेलेले देशभरात अठरा लाखांवर होते, आणि स्वतःची नोंद मराठी म्हणून करणारे आणखी कितीतरी. लादण्याची भीती बाळगावी असं बळ या बोलीच्या मागे कुठलंच नाही. शिवाय गाण्यातून भाषा शिकणं हे भाषेच्या सक्तीपेक्षा अगदी वेगळं असतं. मिलटाउन मालबेला येणारे किती तरी जण आयरिश नसतातच. गंजामची मुलगी झोक्यावर अहिराणी ध्रुपद धरत असेल तर त्यात कुणाची ओळख बुडत नाही, आणि पांडेसरासारख्या वस्तीत असंच व्हायला हवं.

७. करायचं काय?

पहिली गोष्ट, मे महिन्यात पालिकेच्या शाळांना सुट्टी असते. वर्ग रिकामे, पटांगण रिकामं, पंखे आणि पाण्याची सोय हजर. आखाजीला जवळ पडणारा सुट्टीतला एक आठवडा मराठी माध्यमाच्या दोन-तीन शाळा सकाळ-संध्याकाळ उघड्या ठेवून तिथे गाण्याचे वर्ग घ्यावेत. दोन वेळा अशासाठी की दिवसपाळीची घरं संध्याकाळी येतील आणि रातपाळीची सकाळी. मिलटाउनची शाळा सकाळीच भरते. आपल्याला पाळीप्रमाणे भरवावी लागेल, एवढाच फरक.

दुसरी, शिकवणाऱ्या वस्तीतच आहेत. साठी ओलांडलेल्या, लहानपणी गावातला झोका अनुभवलेल्या बायका अजून घराघरांत आहेत. त्यांना शाल-श्रीफळ देऊन मंचावर बसवणं थांबवावं आणि वर्गाचं मानधन द्यावं. ध्वनियंत्रणेच्या एका रात्रीच्या भाड्यात अशा कितीतरी जणींचा आठवडा निघेल. सत्कार केला की माणूस गप्प बसतो. शिकवायला लावलं की त्याला आठवू लागतं.

तिसरी, झोके. पालिकेच्या बागांत लोखंडी चौकटींवर मोठ्या बायकांनी बसावेत असे चार मजबूत झोके बांधणं अवघड नाही. त्या दिवशी तिथे ध्वनिक्षेपक नको, मंच नको, उद्घाटन नको. एवढे तीन नकार पाळले गेले की बघ्यांची गर्दी आपोआप कमी होईल, आणि जी राहील ती गाणाऱ्यांची असेल.

चौथी सर्वांत कठीण. आखाजीच्या दिवशी खानदेशी कामगारांना, आणि त्याच न्यायाने ओडिया, तेलुगू, भोजपुरी कामगारांना त्यांच्या एका सणाला, भरपगारी सुट्टी मिळावी. उत्सवांना वर्गणी देणारे कारखानदार या भागात पुष्कळ आहेत. वर्गणी दिली की कमानीवर नाव लागतं. सुट्टी दिली तर नाव कुठेच लागत नाही आणि एका दिवसाचं उत्पादन बुडतं. म्हणूनच वर्गणी सहज मिळते आणि सुट्टी मागायला कुणी जात नाही. मंडळांनी एक वर्ष वर्गणीचं पावतीपुस्तक बाजूला ठेवून सुट्टीचा अर्ज घेऊन गिरणीच्या दारात जावं. कोण किती संस्कृतिप्रेमी आहे ते त्या एका फेरीत कळेल.

आणि उत्सव पार पडल्यावर किती माणसं आली हे कुणी सांगू नये. गेल्या वर्षी ध्रुपद धरणारी किती पोरं या वर्षी स्वतः गाणं उचलू शकली, एवढाच आकडा मंडळाने आपल्या अहवालात छापावा. पहिल्या वर्षी तो शून्य असेल. तो छापण्याचं धैर्य ज्या मंडळात असेल, त्याच्या हातून दुसऱ्या वर्षी काहीतरी घडण्याची शक्यता आहे.